गायींच्या श्वासावरचं घर

भार्गवीने तळहात वाटीसारखा वळवला आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर, डाव्या बरगड्यांच्या खालच्या अंगाला थापायला सुरुवात केली. चापट बसता कामा नये, हाड वाजता कामा नये. आत धरून बसलेला कफ सुटावा एवढीच थाप. म्हातारा उजव्या कुशीवर पडून खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत होता.

"जोरात थाप, पोरी. मी काही काचेचा नाही."

"एवढं पुरे आहे, मिस्टर हार्लो."

"तुझे हात गरम आहेत. कालच्या पोराचे बर्फासारखे होते." तो खोकला, तिने पुढे केलेल्या कपात थुंकला, पुन्हा आडवा झाला. "कुठली तू? केरळ?"

"नागपूर."

"ते कुठे आलं?"

"मधोमध."

"असं." त्याला त्यात फार रस नव्हता. "माझ्याकडेही होतं एक इंडियन जोडपं. भाडेकरू. आमच्या फाटकाजवळच्या छोट्या घरात, लॉज म्हणतो आम्ही त्याला."

भार्गवीचा हात थांबला नाही. हाताला सवय होती.

"माणसं चांगली, हं. तो कॉम्प्युटरवाला होता. पण दिवसभर शेगडीवर काही ना काही उकळत ठेवलेलं. भिंतींना घाम फुटायचा. काळ्या पडल्या भिंती. आणि वर मलाच ऐकवतात, की घर दमट आहे! दीडशे वर्षांचं घर ते. त्याने दमटपणा पाहिला नाही, यांनी आणला."

"दुसऱ्या कुशीवर व्हा," भार्गवी म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलंही, वळताना. पण पाहिलं ते मास्ककडे आणि निळ्या गणवेशाकडे. त्याच्या किलवारा इस्टेटीतल्या त्या लॉजमध्ये ती राहत असताना तो आला होता, तेव्हाही तो तिच्या नवऱ्याशी, पियूषशीच बोलला होता. काठीच्या टोकाने भिंत टकटक वाजवून पाहिली होती, जशी बाजारात कलिंगडं वाजवतात तशी, आणि म्हणाला होता की भांड्यांवर झाकणं ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, घर उत्तम आहे. भार्गवी मागे लेकीला, स्वानंदीला, कडेवर घेऊन उभी होती. स्वानंदी दोन वर्षांची व्हायची होती. तिच्या बरगड्यांखालचं पोट श्वासागणिक आत ओढलं जात होतं. भार्गवी म्हणाली होती, "मिस्टर हार्लो, मी छातीचीच फिजिओ आहे, मला कळतं, हे घर—" आणि म्हाताऱ्याने तिचं वाक्य पुरं होण्याआधी पियूषला विचारलं होतं, की तुझी बायको नेहमीच अशी काळजी करते का?

त्या हिवाळ्यात पोरीला तीनदा ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आता ते गावात, कोरड्या घरात राहत होते. पण स्वानंदी अजून धावताना मध्येच थांबायची, गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या म्हातारीसारखी.

नियमाप्रमाणे भार्गवीने पहिल्याच दिवशी फिनोलाला सांगायला हवं होतं की या पेशंटशी माझं जुनं काही आहे, दुसऱ्या कुणाला द्या. फिनोला तिची सीनियर, स्वभावाने मोकळी. एका शब्दात पेशंट बदलून दिला असता. भार्गवीने सांगितलं नाही. का नाही, हे तिने स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं. एवढंच, की सकाळी वॉर्डात शिरताना तिची पावलं आधी त्याच पलंगाकडे वळायची.

"युअर मॅन कसा आहे आज?" फिनोला चहाच्या वेळी विचारायची. इथल्या बोलीत कुठलाही माणूस ऐकणाऱ्याचाच असतो. तो माझा नाही, असं भार्गवीच्या अगदी ओठांवर यायचं.

"सुधारतोय."

"सुधारणारच. प्लँटर तो. यांना मरण लवकर येत नाही." फिनोलाने बिस्किट चहात बुडवलं. "इंग्रज राजाने आमच्या लोकांना हुसकून त्यांच्या जमिनींवर यांना आणून रोवलं, तेव्हापासून उभे आहेत. माझी आजी हार्लो हे नाव घेताना आधी दार लावून घ्यायची. आता काय, मीच त्याचे उपचार बघते. मजा आहे की नाही?"

लॉजची गोष्ट कळली ती दुसऱ्या दिवशी. म्हाताऱ्याचा श्वास मोकळा झाला होता, त्यामुळे जीभही.

"घरी सोडणार म्हणतात मला. मोठ्या घरात नाही राहता यायचं, जिना आहे. मी लॉजमध्ये राहणार. ऑर्ला येतेय डब्लिनहून, माझी नात. मीच वाढवलीय तिला. ती नसती तर मला नर्सिंग होममध्ये टाकलं असतं. तिथे जाण्यापेक्षा मी मेलेला बरा. हार्लो किलवाराच्या बाहेर मरत नाहीत."

"लॉजमध्ये?" भार्गवीने विचारलं.

"छातीसाठी तेच तर घर! तुला ठाऊक नाही. बांधलंयच त्यासाठी." तो कोपरावर उठून बसला. "माझ्या पणजोबांच्या चार बहिणी. चौघींनाही क्षय. तेव्हा औषध कुठलं? अंगावर फोड उठवायचे, जळवा लावायच्या, शेवाळ दुधात उकळून पाजायचं. शेवटी डब्लिनहून मोठा डॉक्टर आणला. तो म्हणाला, गाईचा श्वास. गरम, ओला, गोड. गाईच्या श्वासात राहतील तर फुप्फुसं भरून येतील. म्हणून पणजोबांच्या वडिलांनी ते लॉज बांधलं. खाली गाई, वर फळ्यांमध्ये फटी ठेवून केलेली खोली. श्वास खालून वर येणार आणि बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना एक भोक नाही. चुना असा घातलाय की ओल धरून ठेवेल. मागाहून गाई काढल्या, जमीन भरून घेतली, माळा पाडला. भिंती त्याच आहेत."

भार्गवी हातातला टॉवेल घडी करत होती. झालेली घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

"मग? बऱ्या झाल्या चौघी?"

"जॉर्जिना झाली. नव्वदीपर्यंत जगली. मला मांडीवर घेतलंय तिने."

"आणि बाकीच्या तिघी?"

"त्यांना उशिरा आणलं." हे उत्तर त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार असावं, इतक्या सहज आलं.

"त्यांच्याजवळ कोण बसायचं? रात्रंदिवस कुणीतरी लागलं असेल."

"होती एक गावातली पोरगी. तीही गेली." त्याने कपाळाला आठी घालून आठवून पाहिलं. "नाव काही ऐकलं नाही कधी."

गाईलाही क्षय होतो आणि तिच्याकडून माणसाला, हे भार्गवी पहिल्या वर्षाला शिकली होती. पण तिच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. इतके दिवस तिला वाटत होतं की म्हातारा खोटं बोलला. घर कसं आहे हे ठाऊक असून आपल्या गळ्यात मारलं. खोटारड्याचा राग करणं सोपं होतं. पण हा खरंच मानत होता. लहान पोरीला खोकला आहे हे ऐकून त्याने ते घर तिला कदाचित मेहेरबानी म्हणूनच दिलं होतं. त्याने राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उलट रागाला बसायला पक्की जागा मिळाली.

घरी आल्यावर तिने हे आईला सांगितलं. शोभनाबाई नागपूरहून नातीसाठी म्हणून आल्या होत्या आणि या देशातल्या कुठल्याच उन्हावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्या तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करत होत्या.

"तोच काय तो? काठीवाला?"

"तोच."

"मंग तू काहून हात लावतं त्याले?"

"माझं काम आहे ते, आई."

"काम म्हणे." शोभनाबाईंनी पुरचुंडी स्वतःच्या गालाला लावून पाहिली, मग स्वानंदीला जवळ ओढलं. "ये वं माय. दुखते का छाती?"

"आय अ‍ॅम ग्रँड, आज्जी." मी बरी आहे, हे सांगायला इथे ग्रँडच म्हणतात.

"हे पाह्य. ग्रँड म्हणते. धाप लागली तरी ग्रँडच म्हणते." त्या पोरीच्या पाठीवर शेक देत राहिल्या. "मी आली होती तवा त्या भिंतीले हात लावला त ओला झाला होता माहा हात. म्या म्हटलं नव्हतं, हे घर रडते म्हणून? आन आता तोच जाऊन राह्यतो म्हणते तिथं? राहू दे न मंग! त्याच्याच आज्या-पणज्यानं बांधलं. घे म्हणा, श्वास घे, भरभरून घे."

"आई, त्याची फुप्फुसं आधीच गेलेली आहेत. एक हिवाळा नाही काढणार तो तिथे."

"मी कुठं काही म्हटलं?" शोभनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मी त काहीच नाही म्हणत. तू बी नको म्हणू. चूप राह्यणं काही पाप नाही."

पियूष आतल्या खोलीतून कानावरचे हेडफोन्स गळ्यात घेऊन आला. त्याचं ऑफिस डब्लिनच्या सँडीफोर्डला, पण तो इथूनच काम करायचा. "भार्गवी, तू सोड ना ती केस. दुसऱ्या कोणाला दे. संपलं ते आपलं."

"तुझं संपलं," भार्गवी म्हणाली.

तो हेडफोन्स पुन्हा कानावर चढवून मीटिंगमध्ये गेला.

चूप राह्यणं काही पाप नाही. भार्गवीला ते वाक्य मऊ उशीसारखं वाटलं. फिनोलाने तिला घर बघायला पाठवायचं ठरवलंच होतं. पाहायचं काय, तर पायऱ्या किती, संडासाजवळ धरायला दांडा आहे का, पायपुसणं घसरतं का, खुर्चीची उंची बरोबर आहे का. हवा कशी आहे हे कुणीच विचारत नाही. जे विचारलं त्याची खरी उत्तरं द्यायची आणि परत यायचं. एवढंच तर करायचं होतं.

किलवाराच्या फाटकापाशी टॅक्सी वळली तेव्हा तिने मास्क लावलेलाच होता. पेशंटला एकदा घरी नेऊन, त्याला जमतंय का ते बघून, संध्याकाळी परत वॉर्डात आणायचं असा बेत होता. म्हातारा पुढच्या सीटवर बसून एखाद्या वरातीत असल्यासारखा दोन्ही बाजूंना बघत होता.

लॉज रंगवलं होतं. आतबाहेर पांढरंशुभ्र. दार उघडताच रंगाचा वास आला, आणि रंगाच्या वासाखालून तो दुसरा वास. खोल विहिरीत वाकून पाहावं तसा.  भार्गवी कामाला लागली. दांडा आहे. पायरी एकच. खुर्ची ठीक. म्हातारा वॉकर घेऊन दारापासून खुर्चीपर्यंत स्वतः चालला, बसला, आणि खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे आपटून म्हणाला, "बघ! श्वाससुद्धा लागला नाही. घराला ओळख असते माणसाची."

"छान," भार्गवी म्हणाली. ते खरं होतं. तो आज छान होता. असे लोक आधी काही दिवस छानच असतात.

तिने झोपायच्या खोलीत जाऊन उत्तरेकडच्या भिंतीला बोटं टेकली. नव्या रंगाखाली भिंत मऊ लागली, उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखी. पलंगाची उंची तिने मोजली आणि बाहेर आली.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. एक मुलगी आत आली. पंचविशीची, केस कसेबसे बांधलेले, खांद्यावर बाळाची दुपटी, हाताच्या कोपरात अडकवलेली बाळाची टोपली.

"ग्रँडपा! थांब, उठू नकोस. सॉरी हं, उशीर झाला, याने लाँगफर्डपासून रडून डोकं उठवलं." तिने टोपली जमिनीवर ठेवली आणि भार्गवीकडे हात पुढे केला. "ऑर्ला. तुम्हीच फिजिओ ना? ग्रँडपा फोनवर तुमच्या हातांबद्दल बोलत असतो सारखा."

"हा कोण?" भार्गवीने विचारलं.

"फिन. चार महिन्यांचा झालाय." ऑर्ला वाकून पट्टे सोडवत होती. "आम्ही तिघंच आता, ग्रँडपा धरून. डब्लिनमधली, बॉल्सब्रिजची खोली सोडली, नोकरीही. याचा बाप नाहीच म्हणा, तर म्हटलं, चला, ज्याने मला वाढवलं त्याला सांभाळू. हवा तरी चांगली मिळेल याला."

बाळाने नाक फुरफुरवलं. साधी सर्दी होती. भार्गवीने ती ऐकली.

"त्याचा पाळणा आतल्या भिंतीला लाव," म्हातारा खुर्चीतून म्हणाला. त्याच्या आवाजात लाड होता, अगदी खरा. "उत्तरेच्या. जॉर्जिनाचा पलंग तिथेच होता. बघ कसा बैलासारखा होईल पोरगा."

"लावते, लावते. आधी गाडीतून काढू तर दे."

ऑर्ला हसत बाहेर गेली, बाळाला खांद्यावर टाकून. भार्गवी जागची हलली नाही. म्हाताऱ्याचा हिशेब तिने कधीच पुरा केला होता. त्यात तो एकटाच होता. चार महिन्यांचं मूल त्या भिंतीला टेकून निजेल, हे तिच्या मनातल्या खोलीत कुठेच नव्हतं.

"मी जरा मदत करते तिला," ती म्हणाली आणि बाहेर आली.

ऑर्ला डिकीत डोकं घालून पाळण्याच्या दांड्या ओढत होती. भार्गवीने मास्क खाली केला.

"ते काढू नका."

"काय?"

"पाळणा. काढू नका. या बाळाला या घरात एक रात्रसुद्धा ठेवू नका. भिंतीत बुरशी आहे. रंगवून जात नाही ती, भिंत बांधलीच आहे तशी. माझी मुलगी इथे होती. तिच्या छातीत अजून आवाज येतो."

ऑर्ला सरळ उभी राहिली. तिने बाळाच्या डोक्यावर हात धरला, जसा उन्हात धरतात तसा. "तुमची मुलगी? म्हणजे ते इंडियन... ग्रँडपा म्हणाला होता, त्या लोकांनी—"

"आम्हीच ते."

वारा समुद्राकडून येत होता. दोघीही बाळाकडे बघत राहिल्या, एकमेकींकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"आणि त्याचं काय?" ऑर्लाने घराकडे मान केली. "त्याची फुप्फुसं तर... हे त्याला सांगितलंत तुम्ही?"

"सांगितलं होतं. मागच्या हिवाळ्यात."

"आता? या वेळी?"

भार्गवीने बाळाच्या पाठीवरचं दुपटं सारखं केलं. ऑर्लाला त्यातून काय समजलं कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी भडकलं, मग तिने बाळाचं नाक स्वतःच्या बाहीने पुसलं आणि ते विझलं.

"मी नसेन तर त्याला इथे राहू देणार नाहीत ना?"

"एकट्याला नाही."

"मग नर्सिंग होम."

"हो."

"त्याला ते मारून टाकेल."

"या घरापेक्षा हळू," भार्गवी म्हणाली. ते खरं होतं आणि तिने ते अगदी मायेने म्हटलं. जे सांगते आहे ते म्हाताऱ्याच्याही भल्याचं आहे, वॉर्डात कुणीही हेच सांगितलं असतं. पण त्याच्या भल्यासाठी तिने तोंड उघडलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. आणि ऑर्लाचे डोळे भरून आले तेव्हा आपल्या छातीत जे सैल झालं, ते काय होतं हेही.

"मी माझ्या मैत्रिणीकडे जाते, स्लायगोत. तिथून हॉस्पिटलला फोन करते. तुमच्या वरच्या बाईंना सांगते सगळं." ऑर्लाने दांड्या परत डिकीत ढकलल्या. "आत जाऊन त्याच्या तोंडावर नाही सांगता येणार मला. त्याने मला चालायला शिकवलंय याच वाटेवर. तुम्ही सांगाल?"

"तुम्ही निघा," भार्गवी म्हणाली. "बाळाला गारठा लागेल."

तिने बाळाची टोपली आतून आणून दिली. म्हाताऱ्याने ती नेताना पाहिली आणि मान डोलावली. "दुपटं बदलायचं असेल," तो म्हणाला.

भार्गवी परत आली तेव्हा तो खुर्चीत सैलावून बसला होता. गालांवर रंग होता. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन कितीतरी दिवसांनी चांगला दिसत होता.

"ऑर्ला?"

"गाडीपाशी आहे."

"सामान फार आणते ती. आईसारखी." त्याने डोळे मिटले. "टॅक्सी यायला वेळ आहे ना? मग जरा चहा टाक, पोरी. पहिला चहा स्वतःच्या घरात झाला पाहिजे. ऑर्लालाही लागेल."

भार्गवीने किटली भरून लावली. बाहेर गाडीचं दार लागलं. तिने खिडकीखालचं मोठं कपाट ओलांडलं, शेगडीमागच्या अरुंद प्रेसपाशी, भिंतीतल्या कपाटापाशी गेली, दार थोडं वर उचलून ओढलं, कारण ते तसंच उघडतं, आणि दोन कप काढले.

म्हाताऱ्याने डोळे उघडले होते.

"ते दार," तो म्हणाला. "ते उचलून ओढावं लागतं, हे तुला कुणी सांगितलं?"

वाटेवरच्या खडीवर चाकं वाजू लागली. तो आवाज फाटकाकडे जात होता. म्हाताऱ्याची मान तिकडे वळली, मग परत तिच्याकडे. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो तिच्या मास्क नसलेल्या तोंडाकडे बघत राहिला.

भार्गवीने कप त्याच्यासमोर ठेवला. हँडल त्याच्या उजव्या हाताच्या बाजूला केलं.

"साखर किती?" तिने विचारलं.